नियम सांगावा की नुसती शिट्टी वाजवावी?

फुटबॉल सामन्यात अपरिचित नियमांच्या स्पष्टीकरणाबाबत पंचांचे अधिकार, मर्यादा आणि कर्तव्य

पिंप्राळा (जळगाव), प्रतिनिधी :

फुटबॉलच्या नियमपुस्तिकेत नियम अवघे सतरा. मैदानावर उतरणाऱ्या मुलाला त्यांतील पाच-सहा तोंडपाठ असतात. हाताने चेंडू अडवायचा नाही, प्रतिस्पर्ध्याला पाडायचे नाही, ऑफसाइड सापडायचे नाही, एवढ्या शिदोरीवर बहुतेकांची कारकीर्द सुरू होते आणि अनेकांची तेवढ्यावरच संपते. उरलेल्या नियमांची ओळख होते ती प्रत्यक्ष सामन्यात, आणि तीही पंचांची शिट्टी वाजून गेल्यावर.

जळगाव शहराच्या पिंप्राळ्यासारख्या उपनगरातील एखादा शालेय संघ सुब्रतो मुखर्जी करंडकाच्या प्राथमिक फेरीत खेळत आहे, अशी कल्पना करावी. बचावपटूला आपल्याच गोलजवळ फ्री किक मिळते. तो चेंडू मागे गोलरक्षकाकडे मारतो. गोलरक्षकाचा अंदाज चुकतो आणि चेंडू कोणालाही स्पर्श न करता थेट स्वतःच्याच जाळ्यात जातो. प्रतिस्पर्धी संघ जल्लोष करू लागतो, ज्याच्या हातून चूक घडली तो मुलगा मान खाली घालतो आणि पंच मात्र कॉर्नरच्या निशाणाकडे बोट दाखवतात. गोल नाही! फ्री किकवरून चेंडू थेट स्वतःच्या गोलमध्ये गेल्यास प्रतिस्पर्ध्याला गोल नव्हे, तर कॉर्नर किक मिळते, हे नियम क्रमांक १३ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. पण ते त्या क्षणी मैदानावर एकट्या पंचांनाच ठाऊक असते. दोन्ही संघ त्यांच्याभोवती गोळा होतात. एक संघ गोल मागतो, दुसऱ्याला आपण वाचलो कसे हेच उमगत नाही. घड्याळ पुढे सरकत असते.

अशा वेळी पंचांनी खेळ थांबवून नियम समजावून सांगावा, की ‘निर्णय दिला आहे, खेळा’ एवढे म्हणून पुढे जावे? प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. गेल्या काही वर्षांत याच प्रश्नाने देशातील आघाडीच्या व्यावसायिक स्पर्धेत संघ मैदानाबाहेर नेला, कोट्यवधींचा दंड घडवला आणि मुंबईच्या एका संघाच्या पदरात दोन जादा गुणही टाकले.

पुस्तक काय म्हणते?

फुटबॉलचे नियम ठरवणारे आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन मंडळ १८८६ मध्ये स्थापन झाले. पंचांचे अधिकार नियम क्रमांक ५ मध्ये येतात. खेळातील घटनांविषयी पंचांचा निर्णय अंतिम असतो आणि त्या निर्णयाला शब्दाने वा कृतीने विरोध करणाऱ्या खेळाडूला पिवळे कार्ड दाखवता येते. प्रत्येक निर्णयाचे कारण खेळाडूंना सांगितलेच पाहिजे, असे बंधन या नियमात नाही. सांगू नये, अशी मनाईही नाही. पंचांच्या अंगविक्षेपांनी सामन्यावर नियंत्रण राखण्यास मदत होते, परंतु ते निर्णयाचे स्पष्टीकरण नव्हे, असे मार्गदर्शन पुस्तिकेच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत असे.

म्हणजे स्पष्टीकरणाचा प्रश्न नियमाने पंचांच्या विवेकावर सोडला आहे. मात्र एक गोष्ट नियमाने सोडलेली नाही, ती म्हणजे खुणा. अप्रत्यक्ष फ्री किक दिली की पंचांनी हात उंच धरायचा आणि चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत किंवा खेळाबाहेर जाईपर्यंत तो तसाच ठेवायचा. अ‍ॅडव्हान्टेज दिला तर हात पुढे पसरायचे. या खुणा दोन्ही संघांसाठी असतात. खेळाची सध्याची स्थिती काय आहे हे दोघांनाही एकाच वेळी कळावे, हा त्यांचा हेतू आहे.

कार्डांचा जन्म गैरसमजातून

फुटबॉलमधील सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे पिवळे आणि लाल कार्ड. ती मुळात स्पष्टीकरणाच्या अभावातून जन्मली, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही.

२३ जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर विश्वचषक स्पर्धेत यजमान इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा उपांत्यपूर्व सामना रंगला होता. जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनियो रात्तिन याला मैदानाबाहेर जाण्यास सांगितले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते, रात्तिनला जर्मन येत नव्हते. रात्तिन दुभाषा मागत राहिला आणि कित्येक मिनिटे मैदान सोडायला तयार झाला नाही. त्याच सामन्यात पंचांनी इंग्लंडच्या बॉबी आणि जॅक चार्ल्टन या बंधूंना ताकीद दिली होती, पण ती खुद्द त्या दोघांनाही मैदानावर समजली नव्हती.

स्पर्धेच्या पंच व्यवस्थेची जबाबदारी त्या वेळी केन अ‍ॅस्टन यांच्याकडे होती. घरी परतताना रस्त्यावरील वाहतूक दिव्यांकडे पाहून त्यांना कल्पना सुचली : पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे थांबा. भाषेची गरजच नको. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ही कार्डे प्रथम वापरली गेली. निर्णय देऊन भागत नाही, तो ज्याच्यावर दिला त्याला आणि पाहणाऱ्यांनाही कळला पाहिजे, ही जाणीव खेळाच्या चालकांना त्या सामन्याने करून दिली.

बंगळुरूची ती फ्री किक

भारतात हा प्रश्न ऐरणीवर आला तो ३ मार्च २०२३ रोजी. बंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत बंगळुरू एफसी आणि केरळ ब्लास्टर्स यांची गाठ पडली. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेत बंगळुरूला गोलक्षेत्रालगत फ्री किक मिळाली. केरळचा गोलरक्षक बचावपटूंची भिंत उभी करण्यात गुंतला असतानाच सुनील छेत्रीने चेंडू अलगद जाळ्यात टाकला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल ग्राह्य धरला.

शिट्टी वाजली नव्हती, आम्ही तयार नव्हतो, असा केरळचा आक्षेप होता. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोव्हिच यांनी संघाला मैदानाबाहेर बोलावले आणि संघ परतलाच नाही. बंगळुरूला विजयी घोषित करण्यात आले. पुढे उपांत्य फेरीत त्यांनी मुंबई सिटी एफसीला पेनल्टी शूटआउटमध्ये ९-८ असे हरवून अंतिम फेरी गाठली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने केरळ ब्लास्टर्सला चार कोटी रुपये दंड ठोठावून जाहीर माफी मागण्यास सांगितले. वुकोमानोव्हिच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी आणि पाच लाख रुपयांचा दंड अशी कारवाई झाली.

या वादाच्या मुळाशी असलेला नियम साधा, पण अनेकांना अपरिचित आहे. फ्री किक घेण्यासाठी शिट्टीची गरज प्रत्येक वेळी नसते. ज्या संघावर अन्याय झाला, त्याला खेळ झटपट सुरू करण्याचा हक्क आहे. पंचांनी भिंत मागे हटवायला घेतली, कार्ड दाखवले, कोणी जखमी झाले किंवा खेळाडू बदलला, तर मात्र शिट्टीची वाट पाहावी लागते. आपल्याला भिंतही नको आणि शिट्टीही नको, असे आपण पंचांना सांगितले होते, असे छेत्रीने सामन्यानंतर सांगितले.

मग पंचांनी केरळच्या खेळाडूंना ‘सावध राहा, तो लगेच मारणार आहे’ असे सांगायला हवे होते काय? उघडच नाही. तसे केले असते तर फाऊल करणाऱ्या संघालाच सावरण्याची सवड मिळाली असती आणि झटपट फ्री किकचा हक्क कागदावरच राहिला असता. मात्र या फ्री किकसाठी शिट्टी वाजणार आहे की नाही, ही खेळाची स्थिती आहे. ती दोन्ही संघांना सारखीच कळायला हवी. शिट्टीची वाट पाहायची असेल तेव्हा शिट्टीकडे बोट दाखवण्याची पंचांची पद्धत त्यासाठीच आहे. पंचांनी स्थिती सांगावी, डाव सांगू नये, ही सीमारेषा या प्रसंगातून हाती लागते.

मुंबईच्या पदरात दोन गुण

८ मार्च २०२४ रोजी जमशेदपूर येथे जमशेदपूर एफसी आणि मुंबई सिटी एफसी यांचा साखळी सामना १-१ असा बरोबरीत सुटला. जमशेदपूरचे प्रशिक्षक होते मुंबईच्या मैदानांवर खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून घडलेले खालिद जमील. त्यांचा इम्रान खान हा खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता.

या स्पर्धेच्या नियमावलीनुसार मैदानावर किमान सात भारतीय खेळाडू असणे बंधनकारक होते. अकरा जण खेळत असतात तेव्हा चार परदेशी आणि सात भारतीय हे गणित सहज जुळते. एक भारतीय खेळाडू बाहेर काढला गेला की उरतात दहा. त्यांत चार परदेशी राहिले तर भारतीयांची संख्या सहावर येते आणि नियम मोडतो. जमशेदपूरचे नेमके हेच झाले. सामना संपेपर्यंत खेळला गेला, बरोबरीची नोंद झाली, दोन्ही संघांनी एकेक गुण धरून चालले. मुंबईने तक्रार केली आणि महासंघाच्या शिस्तपालन समितीने सामना मुंबईला ३-० असा बहाल केला. एका गुणाचे तीन गुण झाले.

त्या दोन जादा गुणांची किंमत मोसमाच्या अखेरीस कळली. १५ एप्रिल २०२४ रोजी मोहन बागानविरुद्धच्या शेवटच्या साखळी सामन्यात उतरताना मुंबईचे ४७ गुण होते आणि मोहन बागानचे ४५. ते दोन गुण नसते तर दोघे बरोबरीत असते. मोहन बागानने तो सामना २-१ असा जिंकून ४८ गुणांसह लीग शील्ड मिळवली, ही गोष्ट वेगळी. मुंबईने त्यानंतर ४ मे रोजी कोलकात्यात त्याच संघाला ३-१ असे नमवून करंडक जिंकला.

येथे प्रश्न अधिक अवघड होतो. सात भारतीयांची अट हा फुटबॉलच्या सतरा नियमांपैकी नियम नव्हे, ती स्पर्धेची अट आहे. खेळाडू बदलण्याची प्रक्रिया चौथ्या पंचांच्या देखरेखीखाली होते. मैदानावरील संख्येचे गणित चुकत असल्याचे कोणी वेळीच सांगितले असते तर जमशेदपूरने एक परदेशी खेळाडू बाहेर घेऊन भारतीय खेळाडू उतरवला असता आणि वाद उद्भवलाच नसता. दुसरी बाजूही तितकीच सबळ आहे. नियमावली प्रत्येक क्लबला मोसमापूर्वी मिळते. व्यावसायिक संघाकडे व्यवस्थापक असतो, साहाय्यक प्रशिक्षकांचा ताफा असतो. त्यांचे वाचन पंचांनी का करावे? समितीने जबाबदारी संघाचीच मानली.

कबड्डीत तासभर थांबलेला श्वास

पंचांनाच नियमाबद्दल खात्री नसेल तर काय होते, हे महाराष्ट्राने कबड्डीत पाहिले आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे भारतीय संघात होते. अखेरच्या दोन मिनिटांत २८-२८ अशी बरोबरी असताना पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणाला स्पर्श न करता लॉबीत गेला. त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत शिरले.

जुन्या नियमाप्रमाणे लॉबीत गेलेले बचावपटूही बाद ठरत होते. नव्या नियमाप्रमाणे केवळ चढाईपटू बाद होत होता. कोणता नियम लागू, यावर निर्णय एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या बाजूने फिरला. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानावर ठाण मांडून बसले. सुमारे तासभर सामना थांबला. शेवटी भारताने ३३-२९ असे सुवर्णपदक जिंकले, तरी त्या विजयाची चर्चा खेळापेक्षा नियमाचीच अधिक झाली.

कबड्डी हा या मातीतला खेळ. तिथेही नियमाची कोणती आवृत्ती लागू आहे हे सामन्याआधी स्पष्ट नसेल, तर सामन्याच्या मध्यात दिलेले कोणतेही स्पष्टीकरण कोणालाच पटत नाही. पराभूत संघाला तो बहाणा वाटतो, विजयी संघाला उपकार.

‘मी पंच आहे, प्रशिक्षक नाही’

या विषयावरचे सर्वांत गाजलेले उत्तर फुटबॉलच्या चुलतभावाने, रग्बीने दिले. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंड आणि इटली यांचा सामना होता. चेंडू घेऊन खाली पडलेल्या खेळाडूवर दोन्ही संघांचे खेळाडू भिडले की ‘रक’ तयार होते आणि मगच ऑफसाइडची रेषा लागू होते, असा तेव्हाचा नियम होता. इटलीने युक्ती केली. त्यांचे खेळाडू टॅकलनंतर भिडलेच नाहीत. रक नाही म्हणून ऑफसाइड नाही, आणि इटलीचे खेळाडू खुशाल इंग्लंडच्या बाजूला जाऊन उभे राहू लागले.

गोंधळलेल्या इंग्लंडच्या खेळाडूंनी फ्रेंच पंच रोमँ प्वात यांना विचारले की आम्ही नेमके करायचे तरी काय? आपण पंच आहोत, प्रशिक्षक नाही, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. मध्यंतराला इटली १०-५ ने पुढे होती. विश्रांतीत इंग्लंडने तोड काढली आणि सामना ३६-१५ असा जिंकला. त्याच वर्षी रग्बीच्या जागतिक संघटनेने रकचा नियम बदलला.

प्वात यांचे उत्तर अनेकांना उर्मट वाटले. बारकाईने पाहिले तर ते नेमके होते. ‘ही रक आहे की नाही?’ हा स्थितीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देणे पंचांचे काम आहे. ‘मग आम्ही काय करू?’ हा डावाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दिले असते तर इटलीने मेहनतीने आखलेली आणि पूर्णपणे कायदेशीर अशी योजना पंचांच्याच तोंडून उधळली गेली असती.

वारे बदलत आहे

अलीकडच्या काळात खेळाचे चालक मौनापेक्षा स्पष्टतेकडे झुकत आहेत. २०२३ च्या महिला विश्वचषकात व्हिडिओ पाहून दिलेले निर्णय पंचांनी ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना सांगितले. २०२४ च्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेत फक्त कर्णधाराने पंचांशी बोलावे आणि पंचांनी त्याला निर्णय समजावून सांगावा, अशी पद्धत राबवली गेली. इतर कोणी घेराव घातला की पिवळे कार्ड. पुढे २०२५-२६ च्या नियमपुस्तिकेत या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे समाविष्ट झाली. बोलण्याची वाट अरुंद झाली, पण अधिकृत झाली.

गोलरक्षकाने चेंडू हातात किती वेळ धरावा, हा नियमही बोलका आहे. पूर्वी मर्यादा सहा सेकंदांची होती आणि शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची. पंच ती क्वचितच देत. १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार मर्यादा आठ सेकंदांची आणि शिक्षा कॉर्नर किकची झाली. अखेरच्या पाच सेकंदांची मोजणी पंचांनी हात उंचावून बोटांनी दाखवायची असते. पेनल्टीच्या वेळी गोलरक्षकाने रेषा सोडली आणि किक पुन्हा घ्यावी लागली, तर पहिल्या खेपेला ताकीद आणि त्यानंतर पिवळे कार्ड, अशी पायरीही नियमातच आहे. सावध करणे हे पंचांच्या मर्जीवर न सोडता नियमाचाच भाग केले, तर पक्षपाताचा आरोप उरत नाही.

नियम कितीही स्पष्ट लिहिला तरी एखादा प्रसंग त्याची कसोटी पाहतोच. १२ मार्च २०२५ रोजी माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगच्या शूटआउटमध्ये अ‍ॅटलेटिकोच्या हुलियान अल्वारेझचा पाय घसरला, चेंडू त्याच्या दोन्ही पायांना लागून जाळ्यात गेला आणि दुहेरी स्पर्शामुळे गोल रद्द झाला. रेआल माद्रिदने शूटआउट जिंकले. त्यानंतर जूनमध्ये नियम मंडळाने खुलासा केला की असा स्पर्श अनवधानाने झाला आणि गोल झाला, तर किक पुन्हा घ्यावी. जगातील नामवंत संघांनाही नियमाचा अर्थ असा उशिरा कळतो.

बाजू आणि प्रतिबाजू

स्पष्टीकरणाला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे तीन आहेत. पहिला, समानतेचा. एका संघाने नियम अभ्यासले, दुसऱ्याने नाहीत. पंचांनी दुसऱ्याला मदत केली तर अभ्यास करणाऱ्याला शिक्षाच झाली. दुसरा, वेळेचा. प्रत्येक शिट्टीनंतर खुलासा मागण्याची सवय लागली की खेळ कमी आणि सभा जास्त होते. तिसरा, अधिकाराचा. खुलासा मागता मागता खेळाडू हुज्जतीवर येतात आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जेथे तालमींच्या संघांमागे अख्खी पेठ उभी असते, तेथे मैदानातील हुज्जत प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

समर्थनार्थ मुद्दा एकच आहे, पण तो वजनदार आहे. न समजलेला निर्णय अन्यायासारखाच वाटतो. बंगळुरूत संघाने मैदान सोडले ते नियमाच्या विरोधात नव्हे, तर आपल्यावर अन्याय झाला या भावनेतून. एका वाक्याचा खुलासा पुढची दहा मिनिटांची बाचाबाची वाचवू शकतो, हा अनुभव कोणत्याही खेळाच्या पंचांना अपरिचित नाही.

क्रिकेटच्या वाचकांना ६ नोव्हेंबर २०२३ चा दिल्लीतील विश्वचषक सामना आठवेल. हेल्मेटचा पट्टा तुटल्यामुळे खोळंबलेला श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज बांगलादेशच्या अपिलावरून ‘टाइम्ड आउट’ ठरला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील तो असा पहिलाच बळी. अपील झाल्यावर पंचांनी बांगलादेशचा कर्णधार शकीब अल हसन याला ते मागे घेणार काय, असे विचारले. त्याने नकार दिल्यावर फलंदाजाला बाद दिले. येथेही पंचांनी स्थिती स्पष्ट केली, निवड मात्र कर्णधारावर सोडली.

शालेय मैदानावरचा प्रश्न

व्यावसायिक संघाने नियम वाचले नाहीत तर दोष त्याचा. शालेय संघाला हा न्याय जसाच्या तसा लावता येणार नाही. पिंप्राळ्यातील मुलगा घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलतो, शाळेत मराठी शिकतो आणि मैदानावर ‘इनडायरेक्ट’, ‘डेंजरस प्ले’, ‘बॅक पास’ हे शब्द ऐकतो. अनेक शाळांत एकच क्रीडाशिक्षक कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स आणि फुटबॉल असे सारे संघ सांभाळतो. स्पर्धा मात्र बाद पद्धतीची असते. महापालिका वा जिल्हा पातळी, मग विभाग, मग राज्य, आणि तेथून १९६० पासून दिल्लीत होणाऱ्या सुब्रतो मुखर्जी करंडकाची वाट. पहिल्याच फेरीत न समजलेल्या एका नियमाने हरलेल्या मुलाला दुसरी संधी पुढच्या वर्षी मिळते, आणि तोवर वयोगटाची मर्यादा ओलांडली असेल तर मिळतही नाही.

म्हणून या पातळीवर पंचांची भूमिका थोडी विस्तारणे योग्य ठरते, पण सीमारेषा तीच राहायला हवी. निर्णय आणि त्याचे कारण एका वाक्यात, सोप्या मराठीत, शक्य तर दोन्ही कर्णधारांसमोर सांगावे : ‘फ्री किक थेट स्वतःच्या गोलमध्ये गेली, म्हणून कॉर्नर.’ एवढ्याला पाच सेकंद लागतात. कर्णधाराने थांबलेल्या खेळात अदबीने विचारले तर उत्तर द्यावे आणि ते दोघांनाही ऐकू जाईल असे द्यावे. खेळ चालू असताना कोणाला काही शिकवू नये. काय करावे हे तर कधीच सांगू नये.

मोठी जबाबदारी पंचांपेक्षा आयोजकांची आहे. सामन्याचा कालावधी किती, किती खेळाडू बदलता येतील, बाहेर गेलेला परत येऊ शकतो का, बरोबरी झाल्यास जादा वेळ की थेट पेनल्टी, या स्पर्धेच्या अटी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात आणि स्थानिक मैदानांवरील भांडणांना त्याच निमित्त ठरतात. जमशेदपूरचा संघ अडकला तो अशाच अटीत. या अटींचे एक पानी मराठी पत्रक संघांना आधी दिले आणि नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधार व क्रीडाशिक्षकांसमोर पंचांनी ते वाचून दाखवले, तर सामन्यातील निम्मे प्रश्न उद्भवणारच नाहीत. तेथे विचारलेल्या प्रश्नाने कोणाचा डाव फुटत नाही आणि कोणाचा वेळही जात नाही.

शिट्टी वाजल्यानंतर शिकलेला नियम मुलाच्या कायमचा लक्षात राहतो, हे खरे. मात्र तो सामना हरून शिकावा लागू नये, एवढी व्यवस्था मोठ्यांना करता येण्यासारखी आहे.

चौकट : हमखास गोंधळ उडवणारे नियम

• थ्रो-इन थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये गेला तर गोल नाही, गोल किक. स्वतःच्या गोलमध्ये गेला तर कॉर्नर.

• गोल किक, थ्रो-इन आणि कॉर्नर किकवरून थेट मिळालेल्या चेंडूवर ऑफसाइड होत नाही.

• अप्रत्यक्ष फ्री किक कोणाला न लागता प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये गेली तर गोल नाही, गोल किक.

• सहकाऱ्याने पायाने जाणूनबुजून मागे दिलेला किंवा त्याच्या थ्रो-इनवरून थेट आलेला चेंडू गोलरक्षकाला हाताळता येत नाही. डोक्याने वा छातीने दिलेला चालतो, मात्र नियमाला बगल देण्यासाठी मुद्दाम तसे केल्यास पिवळे कार्ड.

• चेंडू संपूर्णपणे रेषेपलीकडे गेल्याखेरीज बाहेर गेला असे मानत नाहीत. हे गोलरेषेलाही लागू.

• एखाद्या संघाचे सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना पुढे चालवता येत नाही.

• राखीव बाकाजवळील गैरवर्तन कोणी केले हे ओळखता आले नाही, तर तेथे उपस्थित असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला कार्ड मिळते.